घड्याळ, शिट्टी आणि कोचची चलाखी

२३ मार्च १९५७ रोजी कॅन्सस सिटीत अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. कॅन्सस विद्यापीठाचा सात फुटी विल्ट चेंबरलेन मधल्या वर्तुळात येऊन उभा राहिला. पंच चेंडू वर उडवतात, दोन्ही संघांचा एकेक खेळाडू उडी मारतो आणि ज्याचा हात आधी लागेल त्याच्या संघाकडे चेंडू जातो, अशी या खेळाची सुरुवात असते. नॉर्थ कॅरोलायनाचे कोच फ्रँक मॅग्वायर यांनी चेंबरलेनसमोर आपला उंच खेळाडू पाठवलाच नाही. त्यांनी पाठवला पाच फूट अकरा इंचांचा टॉमी कर्न्स. ती उडी हरणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि मॅग्वायर यांनाही. हरायचीच आहे तर उंच खेळाडू तिथे कशाला अडकवायचा, आणि चेंबरलेनला स्वतःच्याच उंचीचा क्षणभर संकोच का वाटू देऊ नये, असा त्यांचा हिशेब होता. तीन वेळा जादा वेळ द्यावी लागलेला तो सामना नॉर्थ कॅरोलायनाने ५४-५३ असा जिंकला.

त्या उडीमुळे सामना जिंकला असे म्हणता येणार नाही. तरीही तिची आठवण आजवर निघते, कारण कॉलेज बास्केटबॉलमधला एक जुना प्रश्न तिच्यात आहे. कोचने डोके कुठवर चालवावे? नियमात बसणारे सगळेच चालते का? घड्याळाला, पंचाला, प्रेक्षकांना किंवा प्रतिस्पर्ध्याच्या मनाला हाताशी धरून मिळवलेला विजय हा खेळाचा भाग, की तो रडीचा डाव? व्यावसायिक खेळात हा प्रश्न लवकर मिटतो, कारण तिथे सगळे पगारी असतात. कॉलेजात खेळाडू विद्यार्थी असतो आणि कोचकडे, निदान कागदावर, शिक्षकाची भूमिका असते. म्हणून तिथे तो अधिक टोचतो. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत या प्रश्नावर काय घडले, कोण काय म्हणते आणि काय सुटायचे राहिले, याचा हा आढावा.

कोचला बोलायची मनाई होती तेव्हा

डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ तयार केला. हिवाळ्यात छताखाली खेळता यावे आणि धक्काबुक्की नसावी, एवढी त्यांची गरज होती. त्यांच्या मूळ १३ नियमांतली फाउलची कलमे आज मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. खांद्याने ढकलणे, धरणे, पाय अडकवून पाडणे हा फाउल. दुसऱ्या फाउलला खेळाडू पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. दुखापत करण्याचा हेतू उघड दिसला तर तो संपूर्ण सामन्यातून बाहेर, आणि त्याच्या जागी बदली खेळाडूही नाही. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केले की प्रतिस्पर्ध्याला एक गोल बहाल. फाउल ही चूक होती आणि तिला शिक्षा होती. कोणी हिशेब करून, फायद्यासाठी फाउल करील ही शक्यता त्या कागदावर कुठेच दिसत नाही. आजच्या निम्म्या वादाचे मूळ या एका गृहीतकात आहे.

दुसरे गृहीतक कोचबद्दलचे. नेस्मिथ १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात गेले. तिथला त्यांचा विद्यार्थी फॉग ॲलन कोच व्हायला निघाला, तेव्हा हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, अशा अर्थाचे काही ते म्हणाले अशी कथा सांगतात. ॲलन पुढे त्याच विद्यापीठाचे नामवंत कोच झाले. मात्र सामना चालू असताना खेळाडूंनी स्वतःच विचार करावा, हा दंडक बराच काळ टिकला. टाइमआउटमध्ये खेळाडूंशी बोलण्याची परवानगी कॉलेजच्या कोचना मिळाली ती थेट १९४८-४९च्या हंगामात.

त्याआधी एक मोठा बदल झाला होता. प्रत्येक बास्केटनंतर मध्यभागी नव्याने उडी घेण्याची पद्धत १९३७-३८ मध्ये बंद झाली. खेळ सलग वाहू लागला आणि वेळ ही वाटून घेण्याची, साठवण्याची, प्रसंगी लपवून ठेवण्याची वस्तू झाली. कोचना खेळण्यासाठी पहिले मोठे मैदान मिळाले ते इथे.

घड्याळ नसलेला खेळ

चेंडू मिळाल्यापासून २४ सेकंदांत फटका मारायला लावणारे शॉट क्लॉक व्यावसायिक एनबीएने १९५४ मध्ये आणले. त्यामागे २२ नोव्हेंबर १९५०चा, फोर्ट वेनने मिनियापोलिसला १९-१८ असे हरवलेला सामना होता. चेंडू हातात धरून बसले की बलाढ्य संघही हरतो, हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिले. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलने मात्र आणखी तीन दशके वाट पाहिली. महिलांच्या कॉलेज सामन्यांत ३० सेकंदांचे घड्याळ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आले होते. पुरुषांच्या सामन्यांवर वाद घालणारे ही गोष्ट बहुधा विसरतात.

त्या तीन दशकांत काय काय झाले ते आज खरे वाटत नाही. एसीसी या विद्यापीठांच्या परिषदेच्या १९६८च्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटने ड्यूकला १२-१० असे हरवले. स्टेटचे कोच नॉर्म स्लोन यांना ड्यूकच्या उंच खेळाडूंना बास्केटखालून बाहेर ओढायचे होते. ड्यूक बाहेर येईना आणि स्टेट चेंडू सोडेना. डिसेंबर १९७३ मध्ये टेनेसीने टेम्पलला ११-६ असे हरवले. तिथेही अडणूक अशीच होती. २४ फेब्रुवारी १९७९ रोजी नॉर्थ कॅरोलायनाने ड्यूकविरुद्ध पहिल्या अर्ध्यात चेंडू जवळजवळ बांधूनच ठेवला. मध्यंतराला ड्यूक ७-० असा पुढे होता. शेवटी ड्यूकने ४७-४० असा विजय मिळवला, म्हणजे दुसरा अर्धा चाळीस-चाळीस असा बरोबरीत सुटला.

नॉर्थ कॅरोलायनाचे कोच डीन स्मिथ यांचे नाव या काळाशी कायमचे जोडले गेले. त्यांची 'फोर कॉर्नर्स' पद्धत दिसायला अगदी साधी. चार खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत, आणि पाचवा, सर्वांत चपळ, मधल्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन. बचाव करणाऱ्यांनी त्याला घेरले की एक कोपरा मोकळा होतो. घेरले नाही तर घड्याळ पळत राहते. आघाडी घेतलेल्या संघासाठी हे कुलूप होते आणि फिल फोर्डसारखा गार्ड त्याची किल्ली. १९८२च्या एसीसी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडे जेम्स वर्दी, सॅम पर्किन्स आणि नवखा मायकेल जॉर्डन होते, तर व्हर्जिनियाकडे सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन. देशभर दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या त्या सामन्याच्या उत्तरार्धात स्मिथ यांनी मिनिटेच्या मिनिटे चेंडू रोखला. नॉर्थ कॅरोलायना ४७-४५ असे जिंकले आणि टीकेचा भडका उडाला. पुढच्याच हंगामात एसीसीने प्रयोग म्हणून शॉट क्लॉक लावले. १९८५-८६ पासून ४५ सेकंदांचे घड्याळ देशभर आले. ते १९९३-९४ मध्ये ३५ आणि २०१५-१६ मध्ये ३० सेकंदांवर आले. प्रो कबड्डीत दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवावाच लागतो. त्या नियमामागची अडचण मराठी वाचकाला परकी नाही.

स्मिथ यांच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकायला हवे. फोर कॉर्नर्स म्हणजे खेळ थांबवणे नव्हते. त्यासाठी अचूक पास, भक्कम ड्रिबल आणि धीर लागतो, आणि बचाव करणारा संघ पुढे येऊन ते मोडू शकतो. तो पुढे येत नसेल तर कंटाळ्याचा दोष एकाच संघाच्या पदरात का टाकायचा? या पद्धतीचा उगम बहुतेक जण जॉन मॅक्लेंडन यांच्याकडे नेतात. मॅक्लेंडन कॅन्ससमध्ये नेस्मिथ यांचे विद्यार्थी होते, पण कृष्णवर्णीय असल्यामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळायला त्यांना दार बंद होते. पुढे ते डरहममधल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजचे कोच झाले. मार्च १९४४ मध्ये, दारे लावून गुपचूप खेळलेल्या सामन्यात त्यांच्या वेगवान संघाने ड्यूकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाला ८८-४४ असे हरवले. ज्याला नियमांनीच बाहेर ठेवले, त्याने नियमांच्या आतल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा अभ्यास करावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. डावपेच म्हणजे केवळ लबाडी असे समजणाऱ्यांनी मॅक्लेंडन यांचे चरित्र वाचावे.

घड्याळ आले तरी संथपणाचे हत्यार पूर्ण बोथट झाले नाही. मार्च १९९६ मध्ये पीट कॅरिल यांच्या प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले, तेव्हा ३५ सेकंदांचे घड्याळ होते. प्रिन्स्टनने त्यातला बहुतेक वेळ प्रत्येक चालीत वापरला आणि अखेरीस बचावपटूच्या पाठीमागून कापत जाऊन सोपी बास्केट मिळवली. त्याला कोणी अखिलाडूपणा म्हटले नाही. वेळेला मर्यादा असली की तीच युक्ती कौशल्य ठरते, हा या इतिहासातला मोठा धडा आहे.

उलट्या दिशेने: घाई लादणे

संथपणा हे दुबळ्याचे हत्यार, तसाच अतिवेगही. पूर्ण मैदानभर दबाव टाकणारा 'प्रेस' म्हणजे प्रतिस्पर्ध्याला चेंडू आत फेकायला मिळणारे ५ सेकंद आणि अर्धे मैदान ओलांडायला मिळणारे १० सेकंद हेच त्याच्यावर उलटवणे. नोलन रिचर्डसन यांच्या आर्कान्सोने या शैलीवर १९९४चे विजेतेपद मिळवले, रिक पिटिनो यांच्या केंटकीने १९९६चे.

या चर्चेत एक मुंबईकरही आहे. मुंबईत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर उद्योग उभारणारे विवेक रणदिवे आपल्या मुलीच्या, बारा वर्षांच्या आसपासच्या मुलींच्या संघाचे कोच झाले. बास्केटबॉल त्यांना नवा होता. प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन निवांत अर्धे मैदान चालत येतात आणि बचाव करणारे तोवर मागे जाऊन उभे राहतात, हे त्यांना विचित्र वाटले. त्यांच्या फारशा तयार नसलेल्या मुली सतत प्रेस करू लागल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये ही गोष्ट सांगितली, ती पिटिनो यांच्या कॉलेज संघांना जोडून. दुबळ्याने बलवानाच्या अटींवर लढू नये, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच लेखात दुसरी बाजूही आहे. इतर कोच रणदिव्यांवर चिडले. या वयात मुलींना पास आणि ड्रिबल शिकवायचे की नुसते चेंडू हिसकावणे, हा त्यांचा सवाल होता. अखेरच्या सामन्यात पंचांनी एकामागून एक फाउल दिले तेव्हा रणदिव्यांनी प्रेस मागे घेतला, आणि संघ हरला.

ग्लॅडवेल यांच्यावर कॉलेज बास्केटबॉलच्या जाणकारांनी घेतलेला आक्षेपही वजनदार आहे. पिटिनो यांचा १९९६चा केंटकी संघ दुबळा मुळीच नव्हता, त्यातले अनेक जण पुढे एनबीएत खेळले. चांगला चेंडू हाताळणारा समोर असेल तर प्रेस मोडतो आणि मागे सोपी बास्केट पडते. मग प्रेस दुबळ्याला वाचवतो, की बलवानाला आणखी बळ देतो? याचे एकच उत्तर निघालेले नाही.

या दिशेचे टोक म्हणजे आयोवातले छोटे ग्रिनेल कॉलेज. तिथले कोच डेव्हिड आर्सेनो यांनी पाच-पाच खेळाडूंच्या तुकड्या सतत बदलत, धडाधड तीन गुणांचे फटके मारण्याची पद्धत रुजवली. २० नोव्हेंबर २०१२ रोजी जॅक टेलरने एका सामन्यात १३८ गुण केले. त्याने १०८ फटके मारले, संघ १७९-१०४ असा जिंकला. काहींना हा विक्रम थरारक वाटला, तर एकाच खेळाडूसाठी आखलेला आणि फार कमजोर प्रतिस्पर्ध्यावर केलेला हा विक्रम काहींना पोकळ वाटला.

फाउल : शिक्षा की किंमत?

सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा आहे. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात एका अर्ध्यात संघाचे फाउल सातवर पोचले की प्रतिस्पर्ध्याला 'वन अँड वन' मिळतो: पहिला फ्री थ्रो बसला तरच दुसरा. दहाव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो. पिछाडीवरचा कोच म्हणून कच्च्या नेमबाजाला शोधून फाउल करायला सांगतो. घड्याळ थांबते, पहिला फ्री थ्रो हुकला तर चेंडू फुकट मिळतो, आणि बसले तरी फार तर दोन गुण जातात.

या युक्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८३चे. जिम व्हाल्व्हानो यांच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने राष्ट्रीय स्पर्धेत अनेकदा पिछाडीवरून असे सामने खेचून आणले. ४ एप्रिलला अल्बुकर्कीतल्या अंतिम सामन्यात ह्यूस्टनचे कोच गाय लुईस यांनी आघाडी घेतल्यावर खेळ संथ केला. व्हाल्व्हानो यांनी फाउल करायला लावले. गुणसंख्या ५२-५२ असताना ह्यूस्टनच्या खेळाडूचा पहिला फ्री थ्रो हुकला. चेंडू स्टेटकडे आला आणि शेवटच्या क्षणी लॉरेन्झो चार्ल्सने हुकलेला फटका हवेतच झेलून डंक केला: ५४-५२. अमेरिकेत हा सामना आजही प्रेमाने दाखवला जातो. मुद्दाम केलेल्या फाउलांवर उभा असलेला हा विजय कोणालाच डागाळलेला वाटत नाही, हे या वादात लक्षात ठेवायला हवे.

याच्या उलटचा प्रश्न तीन गुणांच्या आघाडीचा. शेवटचे काही सेकंद उरलेत, तुम्ही तीन गुणांनी पुढे आहात. समोरच्याने तीन गुणांचा फटका मारण्याआधीच फाउल करावा का? केला तर त्याला जास्तीत जास्त दोन गुण मिळतात. पण तो फटका मारत असतानाच हात लागला तर तीन फ्री थ्रो. २००८च्या अंतिम सामन्यात मेम्फिस तीन गुणांनी पुढे होते. कोच जॉन कॅलिपारी यांना फाउल हवा होता, तो झाला नाही, आणि २.१ सेकंद उरले असताना कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने बरोबरी साधली. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ असे जिंकले. तेव्हापासून फाउल करावा असे म्हणणाऱ्यांचा आवाज वाढला. आकडे मात्र तितके ठाम नाहीत. २०१० मध्ये हार्वर्डच्या क्रीडा-विश्लेषण गटातल्या एका विद्यार्थ्याने आदल्या हंगामातले चारशेहून अधिक असे प्रसंग तपासले. फाउल करणारे आणि न करणारे यांच्या विजयाच्या प्रमाणात त्याला लक्षणीय फरक आढळला नाही.

नियमांची रचना खेळाडूच्या मनावर किती भार टाकते, याचे उदाहरण १९९३चे. न्यू ऑर्लिन्समधल्या अंतिम सामन्यात मिशिगन दोन गुणांनी मागे, ११ सेकंद शिल्लक. नॉर्थ कॅरोलायनाच्या दोघांनी ख्रिस वेबरला कोपऱ्यात कोंडले आणि त्याने टाइमआउट मागितला. मिशिगनकडे एकही टाइमआउट उरला नव्हता. टेक्निकल फाउल झाला, सामना ७७-७१ असा गेला. कोंडी करणे हे शुद्ध कौशल्य होते, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. कोणाला खंत वाटलीच तर ती एवढीच, की इतका मोठा सामना बास्केटऐवजी मोजणीच्या चुकीवर सुटला.

या साऱ्यावर सर्वांत धाडसी उपाय सुचवला निक इलम यांनी. शेवटच्या मिनिटांतली फाउलांची रांग बंद करायची तर शेवटी घड्याळच काढून टाका. एका टप्प्यानंतर आघाडीच्या संघाच्या गुणांत ठरावीक भर घालून लक्ष्य ठरवा, जो आधी पोचेल तो जिंकला. 'द बास्केटबॉल टूर्नामेंट'ने २०१७ पासून हे वापरून पाहिले, एनबीएच्या ऑल-स्टार सामन्यानेही २०२० मध्ये. कॉलेजच्या मुख्य प्रवाहाने ते स्वीकारलेले नाही. व्हाल्व्हानो यांच्यासारखा चमत्कार त्यात घडला नसता, हे त्यामागचे एक कारण मानायला जागा आहे.

शिट्टीकडे पाहून खेळणे

धडक ओढवून घेणे, म्हणजे हल्ला करणाऱ्यापुढे आधी जागा घेऊन उभे राहणे आणि त्याच्यावर फाउल मिळवणे, हे धैर्याचे काम आहे. त्याचा पुढचा टप्पा म्हणजे हलक्या स्पर्शाला मागे कोसळणे. दोन्हींत फरक काही इंचांचा आणि काही शतांश सेकंदांचा असतो. नियमकर्त्यांनी २०११-१२ मध्ये बास्केटखाली एक कमान आखली, जिच्या आत उभे राहून असा फाउल मिळत नाही. २०१५-१६ मध्ये ती तीन फुटांवरून चार फुटांवर नेली. २०२१-२२ पासून पुरुषांच्या सामन्यांत खोट्या पडण्याला टेक्निकल फाउलची तरतूद आली. २०२३-२४ मध्ये, हल्ला करणाऱ्याने उडीसाठी पाय रोवण्याआधीच बचावपटू जागेवर हवा, असे ठरले. दर काही वर्षांनी रेषा सरकते, यावरूनच ती आखणे किती अवघड आहे ते कळते.

कोच पंचांवर जो दबाव टाकतात तो मोजणे आणखी कठीण. ओरडणारे असतात. पुढचा निर्णय आपल्याकडे झुकावा म्हणून शांतपणे, सतत बोलत राहणारेही असतात. यूसीएलएचे जॉन वुडन सभ्यतेचा आदर्श मानले जातात, तेही गुंडाळलेल्या कार्यक्रमपत्रिकेआडून पंचांना आणि प्रतिस्पर्ध्यांना टोचून बोलत, असे त्यांना जवळून पाहिलेल्यांनी नोंदवले आहे. काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स यांनी २००४-०५च्या हंगामातले ३६५ सामने अभ्यासून २००९ मध्ये एक निष्कर्ष मांडला. ज्या संघाचे फाउल कमी झाले आहेत त्याच्यावर पुढचा फाउल दिला जाण्याची शक्यता वाढते, आणि पाहुण्या संघावर फाउल अधिक पडतात. पंच जाणूनबुजून तोल साधतात असे नव्हे, पण तोल साधला जातो. याचा अर्थ कोचसाठी सरळ आहे. सुरुवातीपासून अंगावर जाऊन खेळलात तर सगळे फाउल दिले जाणार नाहीत. बेशिस्त खेळाला बक्षीस देणारी ही रचना मला या आढाव्यातली सर्वांत चिंताजनक बाब वाटते, कारण इथे प्रतिस्पर्ध्याला कितीही चांगले खेळून उत्तर देता येत नाही.

घरच्या मैदानाच्या युक्त्यांवर थोडक्यात. घरचा संघ चेंडूची कंपनी निवडतो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे चेंडू हातात वेगळे लागतात. जाळी किती सैल असावी यावरही वेगाचा फरक पडतो, म्हणून तिची लांबी नियमात बांधली आहे. ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममधल्या विद्यार्थ्यांचा गोंगाट सर्वश्रुत आहे. ॲरिझोना स्टेटच्या विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये फ्री थ्रो घेणाऱ्यासमोर अचानक उघडणारा पडदा आणला. जानेवारी २०१६ मध्ये त्या पडद्यामागून ऑलिंपिक जलतरणपटू मायकेल फेल्प्स पोहण्याच्या चड्डीत बाहेर आला. प्रेक्षकांनी केलेले हे मनोरंजन मानून बहुतेकांनी स्वीकारले आहे. राष्ट्रीय स्पर्धा तटस्थ मैदानांवर होते, त्यामुळे त्याचा मोठा परिणाम तिथवर पोचत नाही.

आकड्यांशी खेळ

गेल्या काही दशकांत चलाखी मैदानाबाहेरही सरकली आहे. राष्ट्रीय स्पर्धेत काही संघ आपली परिषद जिंकून येतात, बाकीचे समिती निवडते. निवडीसाठी १९८१ पासून आरपीआय नावाचे सूत्र होते. त्यात प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना मोठे वजन असल्याने, सामने ठरवतानाच गुण कमावण्याची कला काही कोचना साधली. २०१८-१९ पासून नेट ही क्रमवारी आली. तिच्यात प्रत्येक चालीमागे किती गुण मिळतात हे मोजले जाते. कमजोर संघांशी सामने ठरवून त्यांना मोठ्या फरकाने हरवले की क्रमवारी वर जाते, अशी तक्रार लगेच सुरू झाली. वीस गुणांनी जिंकत असताना बाकावरच्या मुलांना खेळू द्यायचे की पहिल्या पाच जणांना शेवटपर्यंत ठेवायचे, हा निर्णय पूर्वी सभ्यतेचा होता. आता त्याला आकडा चिकटला आहे.

कोण काय म्हणते

या विषयावर तत्त्वज्ञांनीही बरेच लिहिले आहे आणि त्यांची उदाहरणे अनेकदा बास्केटबॉलमधलीच आहेत. कॅथलीन पिअरसन यांनी १९७३ मध्ये दोन प्रकारची फसवणूक वेगळी केली. पास देण्याचे दाखवून फटका मारणे ही खेळाच्या आतली फसवणूक. नियम पाळण्याचे मान्य करून मैदानात उतरायचे आणि ते ठरवून मोडायचे ही दुसरी, आणि ती त्यांना अमान्य. वॉरन फ्रेली यांनीही पुढे मुद्दाम केलेल्या फाउलविरुद्ध ठाम भूमिका घेतली. फ्रेड डागोस्टिनो यांनी १९८१ मध्ये वेगळी बाजू मांडली. खेळ म्हणजे केवळ नियमपुस्तक नव्हे, खेळणाऱ्यांमध्ये रुजलेली समजही त्यात येते. बास्केटबॉलमध्ये कागदावर निषिद्ध असलेला बराच स्पर्श प्रत्यक्षात सगळ्यांना मान्य असतो. हॅमिल्टन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलेले आणि तिथेच गोल्फचे कोच राहिलेले रॉबर्ट सायमन यांच्या मते काही दंड हे गुन्ह्याची शिक्षा असतात आणि काही केवळ किंमत. फ्री थ्रो ही किंमत वाजवी असेल तर ती मोजून फाउल करणे अनैतिक नाही. सेझार टोरेस यांचा आक्षेप सूक्ष्म आहे. फ्री थ्रो हे बिघडलेला खेळ पूर्ववत करण्यासाठीचे कौशल्य आहे, मूळ खेळ म्हणजे पास, ड्रिबल, चालत्या खेळातला फटका. मुद्दाम फाउलांनी सामना त्या दुय्यम कौशल्यावर ढकलला जातो.

कोच मंडळींत बहुमत सायमन यांच्या बाजूचे म्हणावे लागेल, आणि त्यांची अडचणही खरी आहे. समोरचा फाउल करणार असताना आपण नाही केला तर आपल्याच विद्यार्थ्यांचे नुकसान. शिक्षकाच्या भूमिकेचा दाखला देणाऱ्यांचे बळ मात्र कमी होत चालले आहे. अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी कर्मचारी हा कॉलेजचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते आणि २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ शकतात. हे विद्यार्थ्यांचे सामने आहेत, म्हणून इथले मापदंड वेगळे हवेत, हा युक्तिवाद अशा परिस्थितीत किती टिकेल, यावर मतभेद वाढत आहेत.

माझे स्वतःचे माप असे आहे: ज्या युक्तीला प्रतिस्पर्धी मैदानावर खेळूनच उत्तर देऊ शकतो ती खेळात बसते, मग ती कितीही कंटाळवाणी असो. जी युक्ती पंचाच्या नजरेवर किंवा एखाद्या सूत्रावर चालवली जाते तिला असे उत्तर नसते. मॅग्वायर यांची उडी, स्मिथ यांचे चार कोपरे आणि प्रेस पहिल्या गटात येतात, खोटे कोसळणे दुसऱ्यात. मुद्दाम फाउल मात्र या मापात नीट बसत नाही. फ्री थ्रो बसवून त्याला उत्तर देता येते, पण ते उत्तर टोरेस म्हणतात त्या दुय्यम कौशल्यातले असते.

अजून उघडे प्रश्न

२०२५-२६च्या हंगामापासून पुरुषांच्या सामन्यात कोचला पंचांच्या ठरावीक निर्णयांना आव्हान देता येते, मात्र त्यासाठी टाइमआउट शिल्लक असावा लागतो. शेवटच्या मिनिटांत पडद्यावर तपासणी मागून फुकटची विश्रांती मिळवण्याच्या सवयीला यामुळे चाप बसेल, की आव्हान हेच नवे टाइमआउट होईल, हे काही हंगामांनंतर कळेल. नेटमधल्या मोठ्या विजयांना किती वजन द्यावे, हा वादही चालू आहे.

सर्वांत लांब पल्ल्याचा प्रश्न सामन्याच्या विभागणीचा. महिलांचे कॉलेज सामने २०१५-१६ पासून १० मिनिटांच्या चार भागांत होतात, प्रत्येक भागात पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात आणि पुढच्या भागात मोजणी नव्याने सुरू होते. पुरुषांनीही तिकडे वळावे ही चर्चा जोरात आहे. तसे झाले तर 'वन अँड वन' जाईल आणि व्हाल्व्हानो यांच्या हिशेबाचा पायाच उरणार नाही. त्याच्या जागी दुसरा हिशेब येईल: प्रत्येक भागाच्या शेवटच्या मिनिटाला, दंडाविना वापरता येण्याजोगे उरलेले फाउल कधी आणि कोणावर खर्चायचे. महिला संघांचे कोच ही आखणी पहिल्या हंगामापासून करत आले आहेत, आणि पुरुष संघांना या घडीला शिकायचे असेल तर ते त्यांच्याकडूनच शिकावे लागेल.